जपानला दुसऱ्यांदा जाताना: आधी मार्ग, मग पास

जपान एकदा पाहून आलेल्या माणसाला दुसऱ्या खेपेला वाटतं, आता काय, सगळं माहीत आहे. फाटकावर कार्ड टेकवायचं, डब्याच्या खुणेसमोर रांगेत उभं राहायचं, आवाज न करता बसायचं. शिस्तीचं हे सगळं खरंच तसंच आहे. बदललं आहे ते बाकीचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या जपान रेल पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेली. क्योतोचा बसपुरता मिळणारा एक दिवसाचा पास बंद झाला. ओसाकाहून कानाझावाला थेट जाणारी थंडरबर्ड एक्स्प्रेस आता मध्येच त्सुरुगाला संपते. त्यामुळे २०१८-१९ मध्ये केलेल्या टिपणांवर विसंबून निघालात, तर नवख्यापेक्षाही जास्त फसायला होईल, कारण नवखा निदान विचारून पुढे जातो.

तोक्यो, क्योतो, ओसाका हा नेहमीचा रस्ता ज्यांचा करून झालाय आणि ज्यांना आता तो देश आपल्या आपण, सार्वजनिक वाहतुकीनं, जरा आडवाटेनं बघायचाय, त्यांच्यासाठी हा लेख. निघण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून परतीच्या दिवसापर्यंत ज्या क्रमानं गोष्टी कराव्या लागतात, त्याच क्रमानं सांगतो.

पासाचा हिशेब आधी कागदावर करा

पहिल्या सहलीत बहुतेकांनी रेल पास घेतलेला असतो आणि तो वसूलही झालेला असतो. ती सवय आता सोडा. नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, तोक्यो ते क्योतो राखीव सीटचं तिकीट साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. हिरोशिमापर्यंत गेलात तर एका बाजूचे जवळपास २०,०००, दोन्हीकडचे ४०,०००. सात दिवसांचा पास ५०,००० ला पडतो. म्हणजे हिरोशिमाला जाऊन आलात तरी पास अंगावर पडतो! तो वसूल करायचा तर त्याच आठवड्यात सेंदाईचीही फेरी मारावी लागेल. आठवडाभर नुसतं गाडीत बसण्यासाठी कोणी जपानला जात नाही.

शिवाय पास असला तरी नोझोमी फुकट नाही. २०२३ पासून पासधारकांना नोझोमीत बसता येतं, पण वेगळं शुल्क भरून. तोक्यो-क्योतोसाठी ते ४,९६० येन आहे. ते टाळायचं तर हिकारी या जरा हळू शिंकान्सेननं जा. फरक साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा.

याला उत्तर म्हणजे विभागीय पास. जपान रेल्वेच्या (जेआरच्या) सहा प्रवासी कंपन्या आहेत आणि त्या आपापल्या भागापुरते पास विकतात. उदाहरणार्थ जेआर वेस्टचा कान्साई-हिरोशिमा पास: पाच दिवस, २०२३ च्या वाढीनंतर १७,००० येन. त्यात कान्साई विमानतळाची हारुका गाडी, शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकान्सेन, ओकायामा, थेट ताकामात्सु, शिवाय मियाजिमा बेटाची जेआरची फेरीबोट एवढं सगळं बसतं. शिन-ओसाका ते हिरोशिमा हे जाण्या-येण्याचं नुसतं शिंकान्सेन भाडंच २०,००० च्या वर जातं. हा पास घेताना डोकं खाजवावं लागत नाही.

पण पास बघून मार्ग ठरवू नका. आधी नकाशावर बोट ठेवा, कुठं किती रात्री राहायचंय ते लिहा, प्रत्येक टप्प्याचं भाडं गूगल मॅप्स किंवा जोरुदान या मार्ग शोधायच्या ॲपवर बघून बेरीज करा आणि मगच पासाची किंमत बघा. उलटं केलंत की पास वसूल करायच्या नादात तुम्ही त्याचे नोकर होता.

विमानाचं तिकीटही याच वेळी ठरवायचं. दुसऱ्या खेपेला एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परतणं सोयीचं. ओसाकाजवळच्या कान्साईला उतरा, तोक्योच्या हानेदाहून परता. परतीचा एक शिंकान्सेन प्रवास वाचतो आणि जवळजवळ एक दिवसही.

तारखांचं एक. आपली मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हाच जपानात गोल्डन वीक हा सुट्ट्यांचा आठवडा असतो, २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास. तो आठवडा, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण आणि वर्षअखेर, या तीन गर्दीच्या काळांत नोझोमी गाड्यांत बिनराखीव डबा नसतोच. मुलांच्या शाळांमुळे मे सोडता येत नसेल तर निदान ७-८ मेनंतर निघा. दिवाळीची सुट्टी त्या मानानं बरी. नोव्हेंबरात पानं लाल होतात, त्यामुळे क्योतो तुडुंब असतं, पण बाकीच्या देशात श्वास घेता येतो.

एका गावात मुक्काम टाका. माझं मत ओकायामाला

रोज बॅग उचलून नवं हॉटेल गाठण्यात जपानची अर्धी मजा जाते. एक जंक्शन निवडा, तिथं चार-पाच रात्री राहा आणि तिथून रोज वेगळ्या दिशेनं जाऊन संध्याकाळी परत या.

ओकायामाचं नाव पुणेकरांना ऐकून माहीत असेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग बघायला स्टेशनसमोरून ट्राम पकडायची, शिरोशिता थांब्याला उतरायचं आणि थोडं चालायचं. पण मी ओकायामा सुचवतो ते बागेसाठी नाही, स्टेशनासाठी. पश्चिम जपानच्या चारही दिशांच्या गाड्या तिथं एकत्र येतात.

पूर्वेला शिंकान्सेननं वीसेक मिनिटांवर हिमेजीचा किल्ला, पाऊण तासावर शिन-ओसाका. पश्चिमेला साध्या लोकलनं सव्वा तासात ओनोमिची, त्याच्याही अलीकडे पंधरा-वीस मिनिटांवर कुराशिकीचा जुना कालव्याकाठचा भाग. उत्तरेला याकुमो ही एक्स्प्रेस डोंगर ओलांडून अडीच तासांत मात्सुएला आणि पुढे इझुमोला नेते. मात्र कान्साई-हिरोशिमा पासात मात्सुए येत नाही, त्यासाठी मोठा सान्यो-सानइन पास किंवा सुटं तिकीट लागतं. आणि दक्षिणेला मरीन लायनर: साधारण अर्ध्या तासाला एक गाडी, तासाभरात ताकामात्सु. ही गाडी १९८८ मध्ये सुरू झालेल्या सेतो पुलावरून समुद्र ओलांडते. मोटारी वरच्या मजल्यावरून जातात, रेल्वे खालच्या. पुलाच्या गर्डरांमधून बेटं दिसत राहतात. ताकामात्सुच्या बाजूचा पहिला डबा दुमजली आहे. वरचा मजला ग्रीन कार, म्हणजे वरचा दर्जा, खाली साध्या दर्जाच्या राखीव सीटा. त्याच डब्यात अगदी पुढे, काचेमागे, मोजक्या ग्रीन सीटा आहेत. त्या मिळाल्या तर पैसे वसूल.

ओकायामाहून साध्या गाडीनं, चायामाचीला गाडी बदलून, उनो बंदर गाठता येतं आणि तिथून वीस मिनिटांच्या बोटीनं नाओशिमा हे कलासंग्रहालयांचं बेट. निघण्याआधी बोटीचं वेळापत्रक आणि संग्रहालयाची सुट्टी दोन्ही बघा. सोमवार हा जपानी संग्रहालयांचा आवडता सुट्टीचा वार.

गाड्यांचं वेड असेल तर ओकायामाला पोचायची आणखी एक वाट आहे. तोक्योहून रात्री ९.५० ला सनराइज निघते. रोज धावणारी अशी ही जपानची शेवटची शयनगाडी. पहाटे ओकायामाला ती दुभंगते, अर्धी गाडी ताकामात्सुला जाते, अर्धी इझुमोला. ही तोडातोड बघायला निम्मे प्रवासी फलाटावर उतरून कॅमेरे सरसावतात. हिची तिकिटं एक महिना आधी खुली होतात आणि भराभर संपतात. जेआर वेस्टच्या ई५४८९ या संकेतस्थळावर मिळतात.

एक महिना आधी: शिंकान्सेनची सीट

जपानी गाड्यांचं आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, तिथल्या सकाळी १० वाजता सुरू होतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. गर्दीच्या तारखांना गजर लावून उठा. एरवी घाई करायची गरज नाही, नोझोमी दिवसभर लोकलसारख्या सुटत असतात.

तोक्यो ते हाकाता आणि पुढे क्युशूपर्यंतच्या शिंकान्सेनसाठी स्मार्ट ईएक्स हे ॲप वापरा. परदेशी क्रेडिट कार्ड चालतं. काही दिवस आधी काढलेल्या तिकिटांवर सवलत मिळते. तिकीट क्यूआर कोड म्हणून येतं किंवा तुमच्या सुइका या पैसे साठवायच्या प्रवास कार्डाशी जोडता येतं, मग फाटकावर नुसतं कार्ड टेकवायचं. एक गोम लक्षात ठेवा: स्टेशनच्या खिडकीवर काढलेल्या लांबच्या कागदी तिकिटात तोक्यो शहरातल्या कोणत्याही जेआर स्टेशनपासूनचा प्रवास धरलेला असतो. ॲपच्या तिकिटात तो नसतो, शिंकान्सेनच्या स्टेशनापर्यंतचं भाडं वेगळं पडतं.

पैसे भरायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर आंतरराष्ट्रीय, ऑनलाइन आणि टेकवून देण्याचे व्यवहार सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नव्या कार्डांवर ते आपोआप सुरू नसतात. क्योतोच्या फलाटावर उभं राहून ओटीपीची वाट बघण्यापेक्षा हे घरी सोफ्यावर बसून केलेलं बरं.

सामानाचा नियम हाही बऱ्याच जणांना नवा असेल. तोक्यो ते क्युशू या मार्गावर बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर असेल तर डब्याच्या शेवटच्या रांगेची, मागे सामानाची जागा असलेली सीट राखून ठेवावी लागते. वेगळे पैसे नाहीत. मात्र तशी सीट न घेता मोठी बॅग नेलीत तर १,००० येन भरावे लागतात. विमानात टाकायची आपली नेहमीची मोठी बॅग बहुतेक वेळा या सीमेजवळ असते, घरी टेप लावून मोजा.

त्याहून बरा उपाय म्हणजे बॅग गाडीत नेऊच नका. ताक्क्यूबिन म्हणजे घरपोच सामान सेवा. हॉटेलच्या काउंटरवर किंवा कोनबिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, बॅग द्यायची. बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. साधारण दोन-तीन हजार येन लागतात. विमानतळावर पाठवायची असेल तर दोन दिवस आधी द्या. आई-बाबांना घेऊन जात असाल तर या खर्चात काटकसर करू नका. जपानी स्टेशनांवर लिफ्ट असते, पण बऱ्याचदा ती एकाच टोकाच्या एकाच दारापाशी असते. हॉटेल ठरवतानाही स्टेशनचं अंतर बघून भागत नाही, लिफ्ट असलेल्या दारापासूनचं अंतर बघा.

सीट निवडताना: तोक्योहून ओसाकाकडे जाताना फुजी उजव्या हाताला, म्हणजे साध्या डब्यात ई सीट. आभाळ मोकळं असेल तर शिन-फुजी स्टेशनच्या आसपास दिसतो. आणि खाणं बरोबर घेऊन चढा. ढकलगाडीवरून खाऊ विकणं या मार्गावर २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झालं. शिंकान्सेनमध्ये खाणं सर्वमान्य आहे, शहरातल्या लोकलमध्ये नाही. शाकाहाऱ्यांनी एकिबेनच्या, म्हणजे स्टेशनवरच्या जेवणाच्या डब्याच्या, सुंदर चित्रावर जाऊ नये. भाजीतही माशाचा अर्क असतो. दशम्या किंवा धपाटे, सोबत कोरडी चटणी, हे तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतं आणि कोणी वळून बघत नाही.

कार्ड: जुनं शोधून काढा

पहिल्या सहलीचं सुइका, पास्मो किंवा इकोका कार्ड घरात कुठं तरी पडलेलं असेल. ते शोधा. शेवटच्या वापरापासून १० वर्षं ते जिवंत राहतं आणि त्यातले पैसेही. (पर्यटकांसाठीचं लाल वेलकम सुइका मात्र २८ दिवसांचंच असतं, ते आठवण म्हणून ठेवा.) चिपांच्या टंचाईमुळे २०२३ मध्ये सुइका-पास्मोची साधी कार्डं विकणं थांबलं होतं. मार्च २०२५ पासून ती पुन्हा मिळू लागली.

आयफोन असेल तर प्लास्टिकचं सुइका फोनमध्ये हलवता येतं. मग ते प्लास्टिक निकामी होतं, आणि फोनमधल्या कार्डात कोनबिनीच्या काउंटरवर रोख देऊन भर घालता येते. भारतीय बँकेच्या कार्डानं फोनमधून पैसे भरता येतील यावर विसंबू नका. भारतात विकलेल्या अँड्रॉइड फोनवर सुइका चालत नाही, त्यामुळे प्लास्टिकच बरं.

काही नियम तेच आहेत, पण विसरायला होतात. एका कार्डावर एकच माणूस. जास्तीत जास्त २०,००० येन साठवता येतात. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, त्यासाठी पासपोर्ट दाखवून खिडकीवर मुलांचं कार्ड काढावं लागतं. आणि जे सर्वांत जास्त लोकांना अडवतं ते हे: कार्ड देशभर चालतं, पण एका विभागात आत शिरून दुसऱ्या विभागात बाहेर पडता येत नाही. तोक्योच्या बाजूला कार्ड टेकवून साध्या गाडीनं अतामी ओलांडून शिझुओकाकडे गेलात, तर बाहेरचं फाटक उघडणार नाही आणि कर्मचाऱ्याकडे रोख हिशेब करावा लागेल. लांबच्या साध्या गाडीसाठी कागदी तिकीट काढा.

कार्डाशिवायचा नवा रस्ताही आहे. ओसाका मेट्रो, हांक्यू, हानशिन आणि किंतेत्सु यांच्या बऱ्याच स्टेशनांवर २०२४ च्या ऑक्टोबरपासून बँकेचं कार्ड थेट टेकवून जाता येतं. उलट कुमामोतोत त्याच वर्षी पाच बस कंपन्यांनी सुइकासारखी देशव्यापी कार्डं घेणंच बंद केलं. थोडक्यात, सुइका, एक टेकवायचं बँक कार्ड आणि दहा-पंधरा हजार येन रोख, तिन्ही खिशात हवं.

शहरात

मुंबईकराला स्लो आणि फास्ट समजावून सांगायला नको. जपानी लोकलमध्ये तसेच चार-पाच प्रकार आहेत: दर स्टेशनला थांबणारी काकुएकी-तेइशा, मग काइसोकु, क्यूको आणि तोक्क्यू. पेच तोक्क्यूत आहे. जेआरच्या तोक्क्यूला भाड्याशिवाय वेगळं तिकीट लागतं, सुइका त्यातलं फक्त मूळ भाडं भरतं. पण हांक्यूसारख्या खासगी कंपनीच्या साध्या तोक्क्यूला जादा पैसे नाहीत. ओसाका-उमेदाहून क्योतोच्या कावारामाचीला ती साधारण पाऊण तासात नेते आणि जेआरपेक्षा स्वस्त पडते. जेआरची शिनकाइसोकु तेच काम अर्ध्या तासात करते, पण क्योतो स्टेशनला सोडते. मुक्काम क्योतोच्या गिओन भागाजवळ असेल तर हांक्यू, स्टेशनजवळ असेल तर जेआर. एवढाच निकष पुरतो.

फास्ट गाडीच्या नादात होणारी एक क्लासिक चूक म्हणजे फुशिमी इनारी. क्योतो स्टेशनहून नारा मार्गावरची मियाकोजी काइसोकु पकडली तर ती इनारीला थांबत नाही. हजार तोरणांचं देऊळ खिडकीतून मागे जाताना दिसतं. तिथं लोकलच पकडायची.

क्योतोत बस कमी वापरा, हा माझा ठाम सल्ला. गाड्या भरलेल्या असतात आणि रस्ते तुंबलेले. भुयारी रेल्वेचे कारासुमा आणि तोझाई हे दोन मार्ग, शिवाय जेआर, केइहान आणि हांक्यू यांनी जमेल तितकं जवळ जा, उरलेलं चाला. बस लागणारच असेल तर १,१०० येनचा भुयारी रेल्वे आणि बसचा एकत्र पास आहे. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं पैसे देऊन उतरायचं. तोक्योच्या तोएई बसमध्ये याच्या उलट: पुढून चढायचं आणि आधीच पैसे भरायचे.

तोक्योत जेआर, तोक्यो मेट्रो, तोएई आणि डझनभर खासगी कंपन्या एकाच स्टेशनात असतात आणि प्रत्येकीचं फाटक वेगळं. गाडी मात्र कंपनीची हद्द पाळत नाही. मेट्रोच्या हानझोमोन मार्गावर बसलात आणि डोळा लागला, तर शिबुयानंतर तीच गाडी तोक्यू या खासगी कंपनीची होऊन उपनगरात जाते. मेट्रोचा दिवसाचा पास पुढे चालत नाही, उतरताना फरक भरावा लागतो. मेट्रोतून मेट्रोत बदलताना कुठं कुठं फाटकाबाहेर यावं लागतं. कागदी तिकीट असेल तर नारिंगी रंगाचं फाटक वापरा, नाहीतर तिकीट गिळलं जाईल.

शिंजुकूला दोनशेच्या वर दारं आहेत. तिथं आणि शिबुयाला आठवणीवर चालू नका. शिबुयात गिंझा मार्गाचा फलाटच २०२० मध्ये हलला आहे. गूगल मॅप्स दाराचा क्रमांक आणि कित्येकदा कोणत्या डब्यात बसावं तेही सांगतं. फाटकातून बाहेर पडण्याआधी पिवळ्या पाटीवर तो क्रमांक शोधा. एकदा चुकीच्या दारानं वर आलात की रस्ता ओलांडायलाच दहा मिनिटं जातात.

शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीच्या सुमारास, काही मार्गांवर साडेबारापर्यंत. त्यानंतर पहाटे पाचपर्यंत टॅक्सी. टॅक्सीचं मागचं दार चालक उघडतो, हात लावू नका.

मार्ग बदलले ते दोन भाग

कानाझावा पुन्हा बघायचं असेल तर: १६ मार्च २०२४ ला होकुरिकु शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली. ओसाका-क्योतोहून आता थंडरबर्डनं त्सुरुगापर्यंत जायचं आणि तिथं शिंकान्सेनमध्ये बदलायचं. बदलाला मिनिटं थोडी असतात, पण फलाट वरखाली आहेत आणि बाण ठळक आहेत, सरळ लोकांमागे चला. मूळचा जुना लोहमार्ग स्थानिक कंपन्यांकडे गेला आहे, त्यामुळे त्यावर जेआरचे पास सरसकट चालत नाहीत. कानाझावाला पोचायला तोक्यो सोपं की ओसाका, हा हिशेब म्हणूनच नव्यानं करा.

नागासाकीचंही तसंच. सप्टेंबर २०२२ पासून ताकेओ-ओनसेन ते नागासाकी शिंकान्सेन आहे, पण ती बाकीच्या शिंकान्सेनला जोडलेली नाही. हाकाताहून साध्या एक्स्प्रेसनं ताकेओला यायचं आणि त्याच फलाटाच्या समोरच्या बाजूला उभ्या गाडीत चढायचं. तिकीट एकच.

खेड्यातल्या गाड्या

शिकोकु-सानइनकडच्या लहान मार्गांवर एक किंवा दोन डब्यांची वानमान गाडी असते, म्हणजे चालक एकटाच, गार्ड नाही. फलाटावर तिकीट यंत्रही नसेल. मागच्या दारानं चढा, दाराजवळच्या यंत्रातून सेइरिकेन ही आकडा छापलेली चिठ्ठी घ्या. चालकाच्या वर फलक असतो, त्यात तुमच्या आकड्याखाली भाडं दिसतं आणि स्टेशनागणिक वाढत जातं. उतरताना पुढच्या दारापाशी चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाका. सुटे नसतील तर त्याच पेटीतल्या यंत्रातून गाडी थांबलेली असताना हजाराची नोट मोडून घ्या. पेटी उरलेले पैसे परत करत नाही. गावाकडच्या बसचीही हीच तऱ्हा. दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं.

अशा मार्गावर दोन-दोन तास गाडी नसते. म्हणून सकाळी पहिलं काम परतीच्या गाडीची वेळ बघणं, नंतर देऊळ. कोतोहिराच्या कोन्पिरासान देवळाला मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत. वर चढून खाली यायला दीड-दोन तास धरा आणि त्यावर गाडी ठरवा. शिराकावागोसारख्या गावांना रेल्वेच नाही. ताकायामा किंवा कानाझावाहून बस, आणि तिच्या काही फेऱ्यांना आरक्षण लागतं. फुजीच्या कावागुचिको तळ्याला शिंजुकूच्या बसस्थानकावरून जाणाऱ्या बसला सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी जागा मिळत नाही.

वेळ भरपूर आणि पैसा कमी असेल तर सेइशुन १८ तिकीट. नाव तरुणांचं, पण वयाची अट नाही. शाळांच्या सुट्ट्यांच्या हंगामात देशभरच्या जेआरच्या साध्या गाड्या. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन किंवा पाच दिवसांचं आणि एकाच माणसाचं झालं आहे. पूर्वी मित्रांत वाटून घेता यायचं, ती गंमत गेली.

गाडी थांबली तर

वादळ येणार असेल तर जपानी रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या बंद करत असल्याचं जाहीर करते. ऑगस्ट ते ऑक्टोबरात याची तयारी ठेवा: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्या शहरातच असा. फलकावर उन्तेन-मिआवासे अशी सूचना आली तर गाड्या थांबल्यात, किती वेळ ते कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी कागदी तिकीट असलेल्यांना दुसऱ्या कंपनीच्या गाडीनं जादा पैसे न देता पाठवतात. सुइकात साठवलेल्या पैशांवर प्रवास करणाऱ्यांना ही सोय नाही. एक्स्प्रेस किंवा शिंकान्सेन दोन तास किंवा जास्त उशिरा पोचली तर जादा शुल्काचा भाग परत मिळतो, खिडकीवर तिकीट दाखवा.

शेवटचा दिवस

नारिता विमानतळाला जायचं तर शिंजुकू-शिबुयाच्या बाजूनं नारिता एक्स्प्रेस, उएनो-निप्पोरीच्या बाजूनं केइसेइ स्कायलायनर. दुसरी वेगवान आणि स्वस्तही. तोक्यो स्टेशनजवळून त्याहून कमी पैशांची बस सुटते, पण रस्त्यावरची गर्दी धरून निघा. हानेदा जवळ, केइक्यू किंवा मोनोरेल. ओसाकात उतरलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: पूर्वी हारुका ओसाका स्टेशनाला थांबत नसे. २०२३ च्या मार्चपासून उमेकिताचा नवा भुयारी फलाट झाल्यावर ती तिथं थांबते, आता त्यासाठी शिन-ओसाकाला जाण्याचं कारण नाही.

सुइकातले पैसे परत हवेत तर जेआर ईस्टच्याच खिडकीवर, इकोकाचे जेआर वेस्टच्या. शिलकीतून २२० येन कापून उरलेले आणि ५०० येन अनामत मिळते. पण शिल्लक दोन-तीनशे असेल तर रांगेत उभे राहू नका. विमानतळावरच्या कोनबिनीत कार्ड रिकामं होईपर्यंत टेकवा, कमी पडेल ते खिशातल्या नाण्यांनी भरा, आणि कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवून द्या.